बिनभोकांची बटणं

आई गेली तेव्हा शिलाईच्या खोलीत तीन शर्ट बटणांवाचून लटकत राहिले. कॉलर बसलेली, कफ झालेले, काजंही झालेली. शेवटचं काम तेवढं राहिलं. गिऱ्हाइकं भली होती, बरेच दिवस कोणी काही बोललं नाही. मग एका सकाळी चित्रकलेचे मास्तर दारात उभे राहिले. आईबद्दल खूप चांगलं बोलून झाल्यावर, चपला घालता घालता, आत्ताच आठवल्यासारखं ते म्हणाले की त्यांचा निळा शर्ट आहे तसा न्यायलाही त्यांची हरकत नाही. बटणं काय, कुठेही लावून घेता येतील.

बाबांना ते लागलं. कुठेही कशाला, म्हणाले, चिमी लावेल. तिच्या आईने तिला अक्षरओळखीच्या आधी बटण लावायला शिकवलंय.

चिमीने मान डोलावली आणि मास्तर वळताच बॉबिनला पाजायचं निमित्त करून आत गेली. बटणं लावायची तर बटणांचा डबा उघडावा लागणार होता, आणि त्या डब्याला तिने आई गेल्यापासून हात लावला नव्हता.

बॉबिन म्हणजे चिमीची लेक. कागदावर नाव वेगळं होतं, पण जन्मली त्या दिवशी नर्सने तिला दुपट्यात घट्ट गुंडाळून आणलं आणि आई म्हणाली, "ही तर बॉबिन. दोरा भरून तयार." तेच चिकटलं. चिमीचा नवरा जहाजावर इंजिनखान्यात कामाला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. म्हणून बाळंतपणाच्या आधीच ती आईबाबांकडे आली होती आणि कॉलेजच्या ग्रंथालयातली रजा संपेपर्यंत तिथेच राहणार होती.

चिमीला शाळेत असल्यापासून फिट यायची. गोळी द्यायचं काम बाबांचं. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांचं किल्ल्या करायचं दुकान होतं. तिकडे निघण्यापूर्वी रोज ते गोळी तिच्या तळहातावर ठेवत, पाण्याचा पेला पुढे करत, आणि तिने गिळली की म्हणत, "आ कर." त्यांच्या बोटांना पितळेचा वास असायचा, आणि कितीतरी वर्षं तिला वाटायचं की औषधाचाच वास तसा असतो. आई मशीनवरून हाक द्यायची, "आले बघ कंपाउंडर." लग्नानंतर चिमी आपली आपण गोळी घेऊ लागली आणि कधी चुकली नाही. पण माहेरी आल्यावर पहिल्याच सकाळी बाबा पेला घेऊन उभे राहिले, आणि तिशी ओलांडलेल्या, पोट पुढे आलेल्या ग्रंथपालबाईंनी निमूट हात पुढे केला.

मूल हवं असं ठरलं तेव्हा ती आधी तिच्या फिटच्या डॉक्टरबाईंकडे गेली होती. त्यांनी जुनी गोळी बदलली. ती पोटातल्या बाळाला बाधू शकते, म्हणाल्या. ही नवी त्या मानाने बरीच सुरक्षित. आणि बदल करायचा तो दिवस राहण्याआधी, आपल्या मनाने मध्येच काही थांबवायचं नाही. गरोदरपणात शरीर ही गोळी लवकर संपवतं, म्हणून त्यांनी डोस वाढवत नेला. बाळंतपणानंतर तो पायरीपायरीने खाली आणायचा होता. अंगावर पाजायला हरकत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. काही शंका आली तर फोन करा.

इतकं सगळं सरळ आखून दिलेलं होतं. ते वाकडं केलं चिमीने.

बॉबिन बाळसं धरू लागली त्या सुमाराला चिमीला वाटायला लागलं की ही फार झोपते. पाजताना मध्येच डोळे मिटायची. गालावर टिचकी मारली की दोन घोट ओढायची, पुन्हा गाढ. आई म्हणाली, तूही अशीच ऐदी होतीस, शाळेत जाऊन सुधारलीस. चिमीला हसू आलं नाही. तिने गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला. औषध आईच्या दुधात उतरते, असं त्यावर बारीक अक्षरात होतं. पुढे डॉक्टरांचा सल्ला घ्यावा असंही होतं, पण तिची नजर पहिल्या वाक्यावरून हलली नाही. ग्रंथालयात नव्याने येणाऱ्या मुलांना ती एकच शिकवण द्यायची: आधी स्वतः शोधा, मग मला विचारा. तिने शोधलं. शोधणाऱ्याला हवं तेवढं भयंकर मिळतंच. विचारायचं तेवढं राहिलं. गरोदरपणात तिने इतके फोन केले होते की दवाखान्यात फोन उचलणारी मुलगी तिचा आवाज ऐकूनच हसायची. आता बाळ झोपतं म्हणून फोन करायचा, याची तिला लाज वाटली.

ती गोळी गालात धरू लागली. बाबांसमोर पाणी प्यायची, आ करायची, आणि गोळी दाढेमागे दडलेली असायची. बाबा समाधानाने दुकानाला जायचे. मग ती बॉबिनला घेऊन शिलाईच्या खोलीतल्या खुर्चीत पाजायला बसायची. केराच्या टोपलीत टाकली असती तर बाबांच्या नजरेला पडली असती. खुर्चीला लागून बटणांचा डबा असायचा. गोळी पांढरी, गोल, शर्टाच्या बटणाएवढी. त्या ढिगात कोणाच्या लक्षात येणार? जी बाई वर न बघता, नुसत्या बोटांनी, कफाचं बटण कोणतं आणि कॉलरचं कोणतं ते ओळखायची, तिच्या डब्यात चिमीने गोळ्या लपवल्या. एवढं शिकून ही अक्कल.

थोड्याच दिवसांत बॉबिन जरा टवटवीत दिसू लागली. निदान चिमीला दिसली.

एका दुपारी आईने मशीनवर बसल्या बसल्या डब्यात हात घातला आणि हात थांबला. चिमटीत काहीतरी धरून तिने उजेडाकडे केलं, पाहिलं, परत ठेवलं. बराच वेळ मशीन चालत राहिलं. मग मान वर न करता ती म्हणाली, "चिमे, हल्ली बटणं बिनभोकांची यायला लागलीत. ती शिवायची कशी, ते तुझ्या पुस्तकात बघून सांग."

चिमीने ऐकलंच नाही असं केलं. आईने पुन्हा विचारलं नाही. ती माणसाला एक दिवस द्यायची, गिऱ्हाइकालाही, लेकीलाही. उद्यापासून घ्यायची, असं चिमीने मनाशी ठरवलं, आणि दुसऱ्या सकाळी गोळी पुन्हा गालातच राहिली. आज रविवार नाही का, बाबा घरातच आहेत, मग घेऊ, दुपारी घेऊ. अशी काहीतरी सबब तिने स्वतःला दिली होती. काय होती ते आता तिला नीट आठवतही नाही.

त्या दुपारी बाबा जरा बाहेर गेले होते आणि ती बॉबिनला खांद्यावर टाकून इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. तापलेल्या सुती कापडाचा वास तिला आठवतो. त्यानंतर एकदम छत आठवतं, बॉबिनचं रडणं, आणि आईचा अगदी रोजच्यासारखा आवाज, की पोर बरी आहे, माझ्याजवळ आहे, तू पडून राहा. आई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, बॉबिन तिच्या मांडीवर. ती उठत का नाही, हे चिमीला समजायला वेळ लागला.

चिमी कोसळताना आईने मशीनवरून झेप घेऊन बॉबिनला धरलं होतं, आणि ती स्वतः कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आदळली होती. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की शाळेत मला एक चेंडू कधी झेलता आला नाही, आणि आता झेलला तर बघायला वर्गातलं कोणी नाही. शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या दिवशी पलंगाशी बाबा आणि तिथले डॉक्टर उभे असताना विषय निघाला, इतकी वर्षं न आलेली फिट अशी अचानक आली कशी. चिमीने तोंड उघडलं होतं. तिच्या आधी आई बोलली.

"गोळी रोज घेते ती. माझ्यासमोर घेते."

बाबा चहा आणायला गेले तेव्हा आईने तिचं मनगट धरलं. सुईने खरखरीत झालेली बोटं. "आता घे," ती म्हणाली. "रोज घे. आणि याबद्दल गप्प बस. त्यांना झेपणार नाही." जरा वेळाने डोळे मिटून तिने पुढे सांगितलं की घरी आल्यावर बटणं निवडून ठेवते, तू हात लावू नकोस.

ती घरी आलीच नाही. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती फुप्फुसात गेली. सकाळी नर्सशी थट्टा करत होती आणि दुपारी नव्हती.

लोक भेटायला येत. फिट काय सांगून येते का, म्हणत. तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या हातात काय होतं, म्हणत. बाबा तर सगळ्यांना दारातच बजावून आत पाठवत की पोरीला काही विचारू नका, तिचा काही दोष नाही. तो दिलासा चिमी मान खाली घालून ऐकायची. चोरीचा माल परत करायला जावं आणि समोरच्याने बक्षीस द्यावं, असं काहीसं व्हायचं तिचं. ती आता गोळी रोज घेत होती, इस्पितळातल्या त्या दिवसापासून. बाबा पेला पुढे करत, पण "आ कर" म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. त्यांचा विश्वास बसला होता. आईने सांगितलं होतं ना.

मास्तर येऊन गेले त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंची तारीख होती. बाबा दुकान बंद ठेवून सोबत आले. खोलीत ते बॉबिनला मांडीवर घेऊन बसले आणि तिला किल्ल्यांचा जुडगा खेळायला दिला. ती तो तोंडात घालायची, ते काढायचे, ती पुन्हा घालायची.

डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. औषधाचं प्रमाण अगदी हवं तेवढं होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. गोळी पुरेपूर पोचत असताना फिट आली असेल, तर एकट्या या गोळीने भागत नाही असं धरावं लागेल. दुसरी जोडावी लागेल. आणि त्या दुसरीने बाळं सुस्तावतात. हे बाळ आधीच झोपाळू होतं असं तुम्ही म्हणता, तेव्हा अंगावरचं हळूहळू तोडून वरचं दूध सुरू केलेलं बरं.

चिमीला आधी काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं. तिला काहीतरी दंड होत होता. तो योग्य वाटला. दुधासाठीच तर तिने हे सगळं केलं, दूधच जाऊ दे. जड गोळी मिळू दे, डोकं बधिर होऊ दे, दिवसभर गुंगी राहू दे. ती हो म्हणणार होती.

बॉबिनने जुडगा खाली टाकला. बाबांनी वाकून उचलला, शर्टाला पुसला, आणि डॉक्टरबाईंना जपून जपून विचारलं की दुसरा काही मार्ग नाही का. गोळीत हयगय झालेली नाही, ते म्हणाले. "हिची आई जाण्याआधी सांगून गेलीय, माझ्यासमोर घेते म्हणून. आणि ती बाई शिलाईच्या तारखेबद्दल सोडली तर कशात खोटं बोलली नाही."

डॉक्टरबाई हसल्या. बॉबिनने पुन्हा हात पुढे केला, जुडग्यासाठी. चिमीने त्या हाताकडे पाहिलं. दंड तिला होणार नव्हता. तो या पोरीने भरायचा होता.

"आई खोटं बोलली, बाबा," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. गाल, डबा, बिनभोकांची बटणं, गप्प बस. ती डॉक्टरबाईंकडे बघून बोलत होती, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. जुडग्याचा आवाज मध्येच कधीतरी थांबला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी विचारलं की पुन्हा सुरू कशी केली, एकदम पूर्ण डोस? एकदम बंद करण्यात जसा धोका, तसा कोणाला न विचारता एकदम सुरू करण्यातही असू शकतो, म्हणाल्या, निभावलं, एवढंच. मग दुसऱ्या गोळीचं नाव त्यांनी लिहिलं होतं त्यावर रेघ मारली. दूध तोडायचं नाही, हीच गोळी चालू राहील.

"उतरते ही दुधात, पण फार थोडी," त्या म्हणाल्या. "पोटात असताना हिला त्याहून जास्त पोचत होती. आणि एक सांगते. बाळ झोपाळू वाटलं, ही तुमची शंका काही खुळी नव्हती. तेव्हा डोस उतरवण्याचाच काळ होता. फोन आला असता तर मी बाळाला बोलावलं असतं, वजन केलं असतं, पुढची पायरी कदाचित लवकर घेतली असती. पुढच्या वेळी शंका आली की मला द्या. स्वतःजवळ ठेवू नका."

फोनची ती हसणारी मुलगी बाहेर बसली होती. तिने बॉबिनला टाटा केलं.

घरापर्यंत बाबांनी बॉबिनला खाली ठेवलं नाही. चिमीने हात पुढे केला तेव्हा नुसती मान हलवली. घरी आल्यावर तिला पाळण्यात निजवून ते मोरीत हातपाय धुवायला गेले आणि पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

चिमी शिलाईच्या खोलीत गेली आणि डबा उघडला. गोळ्या होत्या तशा होत्या. काही ओलसर होऊन बटणांना चिकटल्या होत्या, काहींचा चुरा झाला होता. आईला हे काम चुटकीसरशी झालं असतं. चिमीला प्रत्येक बटण उचलून बघावं लागत होतं. ती जुन्या फडक्यावर गोळ्या वेगळ्या काढत असताना बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तिला माहीत होतं?"

"आदल्या दिवशी कळलं."

"आणि मला नाही सांगितलं तिने."

चिमीने आणखी एक गोळी फडक्यावर ठेवली.

"मला झेपणार नाही, असं म्हणाली?" त्यांनी विचारलं. तिने मान डोलावली. फडक्यावरच्या गोळ्यांकडे ते एकेक करून बघत होते, दुकानात बिघडलेल्या किल्ल्या बघत तसे. "मी इथे रोज पेला धरून उभा राहायचो," ते म्हणाले. "दारात येईल त्याला सांगत होतो, माझ्या पोरीची काही चूक नाही." मग ते बाहेर निघून गेले. जेवायच्या वेळेला परत आले, जेवले, ताट घासून ठेवलं. हे ताट घासणं त्यांनी आई गेल्यावर सुरू केलं होतं. त्या दिवशी त्यांनी आपलं एकट्याचं घासलं.

सकाळी चिमी स्वयंपाकघरात आली तेव्हा पेला पुढे आला नाही. गोळ्यांची पट्टी टेबलावर नुसती ठेवलेली होती. बाबा दुकानाला निघायच्या तयारीत खिडकीशी उभे होते, पाठ करून. तिने गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली. जुन्या सवयीने तोंड उघडणार होती, ते मिटलं.

निळा शर्ट रात्रीच करून तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. मास्तरांचं घर दुकानाच्या वाटेवर. बाबांनी तो उचलला, उजेडात धरला आणि बटणं वरून खाली चाचपत गेले. आईच्या कामात त्यांना कधी काही कळलं नव्हतं. पण इतकी वर्षं ते तिचे शर्ट घालत आले होते.

"वरचं ढिलं आहे," ते म्हणाले. "असं ती बाहेर जाऊ द्यायची नाही."

चिमीने शर्ट घेतला, बटण उसवलं, दोरा ओवला. पहिल्यांदा सुई चुकीच्या जागी निघाली, तिने ती परत ओढली. बाबांना उशीर होत होता. आत बॉबिन कुरकुरली तशी ते जाऊन तिला घेऊन आले आणि कडेवर घेऊन थांबले. भोकांतून दोरा आरपार होत राहिला. तिने बुडाशी वेढे दिले, आईने शिकवले होते तसे, आणि गाठ मारली.

"गोळी घेतलीस?" बाबांनी विचारलं. ते बॉबिनकडे बघत होते.

"घेतली."

खरं की खोटं ते त्यांनी पाहिलं नव्हतं, ते खिडकीशी पाठ करून होते. आईचा हवालाही आता नव्हता. मग त्यांनी बॉबिनला चिमीच्या मांडीवर दिलं, शर्टाची घडी घातली, आईने कधी घातली नसती अशी ओबडधोबड, आणि ती काखेत धरून जिना उतरायला लागले.